नाव लिही, आकडा राहू दे

मंडळी, आपल्याकडे येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या तळाशी एक ओळ हमखास असते: ‘कृपया आहेर आणू नये.’ इथे मेलबर्नमध्ये ती इतकी अंगवळणी पडली आहे की आपण ती वाचतही नाही. ओळ चांगल्या मनाने लिहिलेली असते. पाहुणे लांबून येतात, त्यांना भार नको. घरात सगळं आहेच. आणि कोणी किती दिलं याची कुजबुज तर नकोच नको. हे सगळं मलाही पटतं. पण मराठी शाळेत बाराखडी गिरवणारी आपली मुलं आता लग्नाच्या वयाला आली आहेत, त्यांच्या पत्रिका छापायची वेळ आली आहे, म्हणून या ओळीबद्दल थोडं बोलावंसं वाटतं. त्यासाठी २०१६ सालच्या एकाच नोव्हेंबर महिन्यातल्या दोन समारंभांची हकीकत सांगते. एक घोड्यांची शर्यत आणि एक लग्न. दोन्हीकडे गर्दी होती, दोन्हीकडे घोडा होता आणि दोन्हीकडे पैशांचा विषय निघाला होता.

आधी गावाविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं माहेर मादन हिप्परगा. नुसतं हिप्परगा म्हटलं की सोलापूरच्या लोकांना त्यांच्या शहराजवळचा तलाव आठवतो. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना लोहाऱ्याजवळचं हिप्परगा आठवतं, जिथल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. आमचं हिप्परगा तिसरंच. ते कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर उमरगा लागतं. तिथून दक्षिणेची वाट धरली की थोड्या वेळात पाट्या कानडी होतात. ज्वारी आणि तूर मात्र अलीकडेही तीच आणि पलीकडेही तीच.

आमच्या घरात मराठी, शेजारी कानडी, आणि आळंदच्या बाजारात दखनी. आजोबांच्या काळी सरकारी कागद उर्दूत असत, कारण राज्य निजामाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच म्हैसूरचं १९७३ मध्ये कर्नाटक झालं आणि गुलबर्ग्याचं २०१४ मध्ये कलबुर्गी. आमचं घर, विहीर आणि चिंचेचं झाड जागचं हललं नाही. राज्यंच येऊन-जाऊन राहिली. इथे ऑफिसात ‘तू नक्की कुठली?’ असं कोणी विचारलं की इतरांना अवघडल्यासारखं होतं. मला होत नाही. हा प्रश्न आमच्या गावाला जन्मापासून पाठ आहे.

आता आमच्या घरातली एक वस्तू. देवघराच्या वरच्या फळीवर लाल कापडात बांधलेल्या तीन वह्या आहेत. त्यांना आम्ही आहेराच्या वह्या म्हणतो. आपल्या घरच्या लग्नात कोणी काय दिलं ते त्यात लिहायचं आणि त्यांच्या घरी लग्न निघालं की वही काढून बघायची. पाच आले असतील तर पाचाला थोडे वर घालून परत करायचे. बरोबरी मात्र कधी करायची नाही. कानडीत या देण्याघेण्याला ‘मुय्यी’ म्हणतात. आमच्या शेजारच्या घरातही अशीच वही आहे आणि तिच्यात आमच्या घराचं नाव आहे.

पहिली वही आबांची, म्हणजे आजोबांची. अक्षर मोडी. तिच्यात काही रकमांपुढे ‘हाली’ लिहिलंय आणि काहींपुढे ‘कलदार’. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे भारत सरकारचा. सात हाली बरोबर सहा कलदार असा भाव होता. १९५० नंतर दोन्ही काही वर्षं सोबत चालले आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बंद झाला. दुसरी वही अप्पांची, बाळबोध अक्षरात. तिसरी दादाची. माझं हायस्कूल सोलापुरात मामाकडे झालं, पण दादा गावातच राहिला आणि कानडी माध्यमात शिकला, म्हणून त्याचं लिखाण कानडी लिपीत. एकाच घराच्या तीन पिढ्या, तीन लिप्या, दोन चलनं. नावं मात्र बरीचशी तीच. बापाच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी नातू.

हे एवढं सांगून आता शर्यतीकडे येते.

मेलबर्न कपबद्दल इथे वाढलेल्या मुलांना मी काय सांगणार! तरी गावाकडच्या वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. १८६१ साली ही शर्यत पहिल्यांदा झाली आणि आर्चर नावाच्या घोड्याने ती जिंकली. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता, फ्लेमिंग्टनच्या मैदानावर ती होते. अंतर ३२०० मीटर, घोडे जास्तीत जास्त २४, आणि सगळा खेळ साडेतीन मिनिटांच्या आत संपतो. त्या साडेतीन मिनिटांसाठी मेलबर्नला सरकारी सुट्टी असते. इतर शहरांत सुट्टी नसली तरी लोक काम थांबवून टीव्हीपुढे उभे राहतात.

२०१६ साली तो मंगळवार १ नोव्हेंबरला आला. त्याच दिवशी भाऊबीज. आणि आमच्या जिल्ह्याचं राज्य बदललं त्याला त्याच दिवशी साठ वर्षं पूर्ण होत होती. एका तारखेवर इतक्या गोष्टी कशा आल्या कोण जाणे. ऑफिसच्या लोकांनी मिळून तिकिटं काढली होती. इतकी वर्षं मी काही ना काही निमित्त काढून घरी राहत असे. त्या वर्षी म्हटलं, ज्या शहराने पोटाला घातलं त्याचा सण एकदा तरी जाऊन बघू.

घरात यावरून वाद झाला. लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. आदल्या वर्षी मिशेल पेनने हा कप जिंकला, तेव्हा तीच पोर घरभर नाचली होती. कप जिंकणारी ती पहिली महिला जॉकी, आणि तिच्या घोड्यावर शंभराला एक असा भाव होता. पण त्याच्याही आदल्या वर्षीचं, २०१४ चं, ती विसरली नव्हती. त्या एका शर्यतीत धावलेले दोन घोडे, अ‍ॅडमायर राक्ती आणि अराल्डो, त्याच दिवशी दगावले. “आई, तू पोळ्याला बैलांना पुरणपोळी घालायच्या गोष्टी सांगतेस आणि इकडे हे बघायला जातेस?” असं तिने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, बघितल्याशिवाय बोलता येत नाही. ती म्हणाली, बोलायला बघावंच लागतं असं नाही. ती आली नाही. सकाळी धाकट्याला ओवाळून झाल्यावर मी आणि हे निघालो.

मी आईची इरकल नेसले होते. फ्लिंडर्स स्ट्रीटहून सुटणाऱ्या गाडीत जिकडेतिकडे टोप्या, पिसं, रेशमी फुलं आणि कडक इस्त्रीचे सूट. फ्लेमिंग्टनला १९६२ पासून पोशाखांची स्पर्धाच असते. एक आजीबाई माझ्या पदराचं टोक हातात धरून म्हणाल्या, ही वीण कुठली? मी म्हटलं, आमच्या बाजूची. त्यांनी मला त्यांच्या टोपीवरचं गुलाबाचं फूल दाखवलं, ते त्यांनी स्वतः शिवलं होतं. कुठल्याही जत्रेत शेजारच्या बाईशी जसं दोन मिनिटांत जुळतं, तसं जुळलं. मैदानावर गुलाबाचे ताटवे होते, सुमारे लाखभर माणसं होती, आणि घोडे दिसायच्या आधी मला दिसल्या पैसे लावायच्या खिडक्या.

आमच्या ऑफिसात आधीच चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. माणशी पाच डॉलर. चोवीस चिठ्ठ्यांवर चोवीस घोड्यांची नावं. माझ्या चिठ्ठीवर निघालं ‘हार्टब्रेक सिटी’. सगळे हसले.

एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली आणि आवडली. या शर्यतीत सगळ्या घोड्यांच्या पाठीवर सारखं वजन नसतं. जो घोडा आधी चांगला धावला आहे त्याच्यावर जास्त वजन, जो कमी आहे त्याच्यावर कमी. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाचे तुकडे घालून वजन भरतात. म्हणजे ज्याला पेलवतं त्याच्यावर ओझं. आमच्याकडे लग्नघरात कामं वाटतानाही हाच नियम असतो.

तीन वाजले, दारं उघडली. माझ्या पुढ्यातून घोडे गेले तेव्हा आवाज कानांआधी पायांना कळला. शेवटच्या टप्प्यावर दोनच घोडे पुढे राहिले, खांद्याला खांदा लावून. एक आल्मंडिन आणि दुसरा माझा हार्टब्रेक सिटी. मी इरकल सावरत, ज्याचं नाव सकाळपर्यंत ऐकलंही नव्हतं अशा घोड्यासाठी घसा फोडून ओरडत होते. आल्मंडिनने अगदी थोडक्यात बाजी मारली. माझ्या चिठ्ठीला दुसरं बक्षीस लागलं, तीस डॉलर.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. क्षणभर गर्जना, आणि दहा मिनिटांत सगळं विस्कटलं. लोकांच्या हातातल्या पावत्या खाली पडल्या. आमच्या गटातल्या एकाने डबा उघडला, माझे तीस डॉलर मोजून हातावर ठेवले आणि “हिशेब चुकता!” म्हणून डबा बंद केला. मी वीस वर्षं हिशेबाचंच काम करते, चुकता हिशेब मला आवडतो. पण त्या दिवशी वाटलं, आता या चोवीस जणांचं एकमेकांकडे काहीच उरलं नाही. उद्या कोणी कोणाला ओळख दाखवली नाही तरी चालेल. शर्यतीची मजा त्यातच आहे, हेही खरं. तिथे कोणाला कोणाचं देणं लागत नाही.

परतीच्या गाडीतून दादाला भाऊबिजेचा फोन लावला. आमच्याकडे पाच वाजले होते, गावात साडेअकरा. मागून लाऊडस्पीकर ऐकू येत होता, राज्योत्सवाचा. दादा म्हणाला, “ऐक, तारीख धरली. तुळशीचं लग्न झालं की याच महिन्याच्या शेवटी. तू आत्या आहेस, तू नसलीस तर जमायचं नाही.” माझ्या भाच्याचं लग्न. बारशाला त्याच्या कानात नाव मी सांगितलं होतं. मी त्याच रात्री तिकिटं काढली.

आठवडा गेला आणि ८ नोव्हेंबरची रात्र आली. पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तुम्हाला आठवत असेल, आपल्या मंडळाच्या गप्पांत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. कोणी बाजूने, कोणी विरुद्ध. मला त्या वादात आजही पडायचं नाही. माझ्यापुढे एकच प्रश्न होता. दादाने लग्नासाठी सोयाबीन आणि मूग विकून आलेली रोकड कपाटात ठेवली होती, आणि ती सगळी पाचशे-हजारातच होती.

नोटा बँकेत भरता आल्या, पण काढता येईनात. पुढे लग्नघरांसाठी अडीच लाखांपर्यंत काढायची सवलत जाहीर झाली. तिला पत्रिका, कोणाला किती देणार त्याची यादी, आणि ज्यांना द्यायचे त्यांचं बँकेत खातं नाही असं त्यांचं लिहून घेतलेलं, इतकं सगळं लागत होतं. दादा पत्रिका घेऊन बँकेत रांगेत उभा राहिला. सवलत खरी होती, पण त्या शाखेकडे तेवढी रोकडच आली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने रांग सोडली.

आम्ही हैदराबादला उतरून गाडीने गावी पोचलो तेव्हा मी मनात धरून चालले होते की लग्न साधंच होणार, कदाचित पुढे ढकललेलंच असेल. दारात मांडव उभा होता. डहाळे बांधून झाले होते. मागच्या अंगणात चुलखंड पेटलेलं. मी दादाला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं कशावर चाललंय? माझ्याकडे डॉलर होते, पण त्यांचा गावात उपयोग शून्य. दादा म्हणाला, “कशावर म्हणजे? तोंडावर.”

तोंडावर म्हणजे शब्दावर. किराणावाल्याने गहू, गूळ, डाळ, तेल सगळं खात्यावर मांडलं. मांडववाला म्हणाला, तुमच्या अप्पांनी माझ्या बापाच्या लग्नात पंगत वाढली होती. आचारी म्हणाला, तुरी निघाल्या की बघू. तुरी अजून शेतात उभ्या होत्या, शेंगा भरत होत्या. घोडेवाला आळंदचा, वय झालेला, मुसलमान. घोडी त्याने माळेगावच्या यात्रेतून आणलेली. माळेगाव नांदेडकडे, खंडोबाचं ठाणं, तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. विसार म्हणून काहीतरी देऊ या म्हणून दादाने शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या, तर त्याने त्या परत दादाच्या खिशात कोंबल्या. “पैसे कां भागके जारे, पाटील?” म्हणाला. पैसे काय पळून चाललेत?

माझ्या लेकीला पहिले दोन दिवस फार अवघड गेले. तिला वाटत होतं सगळे तिच्याकडे बघतायत, आणि खरंच बघत होते. मराठी तिची चांगली, पण इथल्या वर्गातली. वहिनीची आई तिला म्हणाली, “का करूलालीस बाई एकटी?” आणि तिला एक शब्द कळला नाही. दर पाच मिनिटांनी कोणीतरी ‘ही कोणाची?’ विचारायचं आणि तिच्याऐवजी मी उत्तर द्यायचे. रात्री अंथरुणावर ती म्हणाली, “आई, मी इथे नुसती पाहुणी आहे. सगळ्यांना काही ना काही काम आहे, मला कोणी काहीच सांगत नाही.” तिची तक्रार खरी होती. लग्नघरात ज्याला काम नाही तो परका.

हे मी दादाला सांगितलं नव्हतं. पण लग्नाच्या सकाळी त्याने लाल कापड सोडलं, तिसरी वही काढली आणि लेकीपुढे ठेवली. “पोरी, आज तू बस वहीला. मला मांडवात फिरावं लागणार. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात.” ती घाबरली. म्हणाली, मामा, मला कानडी येत नाही. दादा म्हणाला, “मराठीत लिही. नाहीतरी दर पिढीला लिपी बदलतेच आमच्यात.”

भाचा घोडीवर बसून मारुतीच्या देवळाला निघाला. पुढे हलगी, मागे आम्ही बायका. घोडीच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झापडं होती, फ्लेमिंग्टनच्या काही घोड्यांना होती तशीच. चाल मात्र अगदी सावकाश. घोडेवाला लगाम धरून तिच्याशी सारखं काहीतरी बोलत होता. देवळापर्यंत जाऊन यायला आम्हाला तास लागला. साडेतीन मिनिटांत चार वेळा तरी थांबलो असू, कारण दर दारात कोणीतरी औक्षणाचं ताट घेऊन उभं होतं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. हुग्गी, भात, आमटी, वांग्याची भाजी, भजी. आणि मांडवाच्या कोपऱ्यात जाजमावर लेक वही घेऊन बसली. ती मला पुढे सारखं सांगते की त्या तीन तासांत ती जेवढं शिकली तेवढं मराठी शाळेच्या सहा वर्षांत शिकली नाही. माणूस पुढे यायचा, नाव सांगायचा, गाव सांगायचा. तिला कळलं नाही तर शेजारी बसलेले एक आजोबा सोपं करून सांगायचे. कोणी शंभर दिले, कोणी वीस. कोणी साडीचा तुकडा, कोणी तांब्या. काहींनी जुन्या पाचशेच्या नोटा आणल्या, भीत भीत. दादाने सांगून ठेवलं होतं, घ्यायच्या, बँकेत भरता येतात अजून. लेकीने त्यापुढे कंसात ‘जुनी’ असं लिहिलं. आबांच्या वहीत ‘हाली’ लिहिलंय तसंच. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, हिशेबाची गरजच तशी होती.

मग एक म्हातारी आली. कोरडवाहू दोन एकरांची धनीण, दादाच्या शेताला लागून. तिने नाव सांगितलं आणि उभी राहिली. हातात काही नव्हतं. लेकीने वर बघितलं. म्हातारी म्हणाली, “नोट बदलून मिळाली नाही गं. पोरगं तीनदा जाऊन आलं.” लेकीने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. दादा लांबूनच ओरडला, “नाव लिही, आकडा राहू दे.”

म्हातारी जागची हलली नाही. लेकीने तिचं नाव लिहून पूर्ण केलं, तिला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ती पंगतीला गेली. त्या दिवशी अशी कितीतरी नावं झाली. नुसती नावं, पुढे रिकामी जागा.

रात्री लेकीने दादाला विचारलं, “मामा, ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांचं नाव कशाला लिहायचं?” दादाने आबांची वही काढली. मोडी त्यालाही नीट येत नाही, पण आकडे ओळखतो. काही नावांपुढे तिथेही जागा रिकामी होती. तो म्हणाला, “दिलं किती ते लिहिण्यासाठी वही नाही. आलं कोण, ते लिहिण्यासाठी आहे. उद्या त्यांच्या घरी लग्न निघालं तर आपल्याला जावं लागणार, ते विसरू नये म्हणून.”

पुढचं थोडक्यात. त्या वर्षी तुरीचं पीक उदंड आलं आणि त्यामुळेच भाव पडला. सरकारचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये होता, बाजारात तेवढाही मिळेना. दादाला सगळी देणी भागवायला उन्हाळा लागला. पण कोणी दारात येऊन बसलं नाही. मी इथून पैसे पाठवते म्हटलं, त्याने थोडे घेतले, आचाऱ्यापुरते. बाकीचं म्हणाला, “माझं मला फेडू दे, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या तोंडावर कोण देईल?”

याचा अर्थ गावातलं सगळंच छान असतं असं मला म्हणायचं नाही. आहेराच्या पायी कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत. जास्त देणाऱ्याला पुढची पंगत आणि कमी देणाऱ्याला शेवटची, हेही पाहिलं आहे. मुलीकडच्यांना आहेराच्या नावाखाली पिळून घेणारेही पाहिले आहेत. ‘आहेर आणू नये’ ही ओळ याच सगळ्याला कंटाळून आली, आणि बरं झालं आली. पैसे, भांडी, साड्या नकोतच. पण त्या ओळीबरोबर आपण वहीसुद्धा बंद केली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. इथल्या लग्नाला आपण जातो, ठरवून दिलेल्या टेबलावर बसतो, छान जेवतो, नवरानवरीबरोबर फोटो काढतो आणि घरी येतो. हिशेब चुकता. चुकत्या हिशेबात कोणाला कोणाची आठवण ठेवावी लागत नाही. परक्या देशात राहणाऱ्या माणसांना एवढी मोकळीक परवडते का, असा मला प्रश्न पडतो.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिने पत्रिकेत ती ओळ ठेवली. तिचा नवरा इथलाच, आजोळ आयर्लंडचं. पण तिने दाराशी एक टेबल मांडलं, त्यावर एक कोरी वही ठेवली आणि धाकट्याला तिथे बसवलं. येणाऱ्याने फक्त नाव लिहायचं, आणि कुठल्या कामाला आपल्याला हाक मारता येईल ते. जावयाच्या आत्याबाईंनी लिहिलं, ‘बाळ झालं की रात्री जागायला.’ आमच्या मंडळातल्या एका काकांनी लिहिलं, ‘विमानतळावरून आणणं, कितीही वाजता.’ कोणी लिहिलं ‘पुरणपोळ्या’, कोणी ‘बागेतलं गवत’. काहींनी नुसतंच नाव लिहिलं.

त्या वहीची आता चौथी वही झाली आहे. ती इथेच, माझ्या लेकीच्या घरी असते. अर्धी देवनागरीत, अर्धी इंग्रजीत. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या उपनगरातल्या एका कुटुंबात आजारपण निघालं, तेव्हा तिने वही काढली, त्यांचं नाव शोधलं आणि डबा घेऊन गेली. त्यांच्या नावापुढची जागा रिकामी होती.

तर मुलांनो, पत्रिकेत ती ओळ खुशाल छापा. दाराशी वही मात्र ठेवा.